जुन्या आउटबोर्डचं ऑइल गळतंय? आधी जागा शोधा, मग पाना उचला

जुनं आउटबोर्ड मशीन घेतलं, होडीच्या मागच्या फळीवर चढवलं आणि दुसऱ्या दिवशी खाली ऑइलचा डाग दिसला, की नवखा माणूस एक तर घाबरून मशीन थेट मेस्त्रीकडे नेऊन टाकतो, नाही तर ‘जुनं आहे, थोडं गळणारच’ म्हणून सोडून देतो. हे सोडून देणंच जास्त महागात पडतं. गिअरबॉक्समधून ऑइल बाहेर यायची जी वाट, तीच खारं पाणी आत शिरायची वाट. मशीन चालताना गिअरबॉक्स तापतो, आतलं ऑइल आणि हवा फुगते आणि झिजलेल्या सीलच्या, म्हणजे शाफ्टभोवतीच्या रबरी कड्याच्या, कडेनं ऑइल बाहेर पडतं. मशीन बंद करून पाण्यात उभं ठेवलं की आतली हवा आकसते आणि त्याच फटीतून पाणी ओढून घेते. मग बेअरिंगला गंज, गिअरचे दात खराब, आणि एका स्वस्तातल्या सीलपायी गिअरचा अख्खा संच बदलायची पाळी येते.

आपल्याकडे मालवण, देवबाग, हर्णैपासून अलिबागपर्यंत लहान मासेमारी होड्या आणि पर्यटकांच्या बोटी याच मशीनवर चालतात, आणि त्यातली कितीतरी मशीन दुसऱ्या-तिसऱ्या हातातली असतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होडी वर ओढलेलीच असते. गळती शोधायला याहून चांगली वेळ नाही. खाली जो क्रम दिला आहे तो मुद्दाम स्वस्ताकडून महागाकडे जाणारा आहे. तो मोडू नका. प्लगचा वॉशर न बघता अख्खा गिअरबॉक्स उतरवणारे खूप भेटतात.

गळतंय ते नेमकं कोणतं ऑइल?

मशीनमध्ये एकाच जातीचं ऑइल नसतं, म्हणून डाग बघून लगेच निष्कर्ष काढू नका. मशीन सरळ उभं करा, खाली जाड पुठ्ठा पसरा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पुठ्ठ्यावरचा थेंब बोटावर घ्या.

गिअर ऑइल घट्ट असतं, दोन बोटांत धरून बोटं लांब केली की तार धरतं. त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. नवं असेल तर मधाळ रंगाचं, काही कंपन्यांचं निळं-हिरवंही असतं. जुनं काळपट होतं. ते दुधाळ, कडक चहाच्या रंगाचं दिसलं, तर पाणी आत शिरून घुसळलं गेलंय हे नक्की.

टू-स्ट्रोक मशीनच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) मधल्या भोकातून काळं, पातळ, पेट्रोलचा वास येणारं ऑइल टिपकत असेल तर ती बहुतेक वेळा गळती नसतेच. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल पूर्ण जळत नाही. त्यातलं थोडं धुराच्या वाटेत साठतं आणि मशीन थंड झालं की खाली उतरतं. हळू वेगात फार वेळ चालवलं किंवा मिश्रणात ऑइल जास्त पडलं की हे वाढतं. मशीनला ५०:१ मिश्रण सांगितलं असेल तर एका लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल, त्याहून जास्त नाही. ‘चार थेंब जास्त गेले तर बरंच’ म्हणून अंदाजानं ओतायची सवय असेल तर ती आजच सोडा.

फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल गिअर ऑइलपेक्षा पातळ असतं, वापरलेलं असेल तर काळं, आणि गंधकाचा वास नाही. बटण दाबून वर-खाली होणाऱ्या मोठ्या मशीनमध्ये हायड्रॉलिक ऑइलही असतं. ते फार पातळ असतं आणि फळीजवळच्या ब्रॅकेटमधून ओघळतं. त्या दांड्याची सीलं बदलणं हे घरी करायचं काम नाही. टाकीतली पातळी राखा आणि ते मेस्त्रीवर सोडा.

एवढं करूनही कळलं नाही, तर पाण्याच्या वर राहणारी संशयाची जागा रॉकेलच्या फडक्यानं पुसून पूर्ण कोरडी करा आणि वर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. मशीन थोडा वेळ चालवलं की पावडरीवर ओल्या वाटेची रेघ उमटते. रेघेचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा. ऑइल खाली ओघळतं, मागे वाऱ्यानं पसरतं, त्यामुळे सगळ्यात ओली जागा ही गळतीची जागा असेलच असं नाही.

जमिनीवर मशीन चालवायचं तर पाण्याच्या पिंपात, पाणी आत घेणाऱ्या जाळीच्या बरंच वरपर्यंत पाणी भरून. कोरडं मशीन ‘फक्त दोन मिनिटं’ सुद्धा चालवू नका. पाण्याच्या पंपातलं रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, तेवढ्यातच जळतं.

खालचा प्लग काय सांगतो

गिअरबॉक्सला बहुधा एकाच बाजूला दोन प्लग, म्हणजे आट्यांची बुचं, असतात. खालचा ऑइल काढायचा आणि भरायचा, वरचा पातळीचा. मशीन विकत घेण्याआधी हा खालचा प्लग उघडायची परवानगी मागा. मालक नाही म्हणाला तर तो नकार किमतीत धरा.

मशीन रात्रभर न हलवता सरळ उभं ठेवलेलं हवं. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाला बसतं. पारदर्शक वाटी खाली धरा, प्लग अगदी सावकाश सैल करा आणि पहिले थेंब बघा. आधी स्वच्छ पाणी आलं आणि मग ऑइल, तर सील किंवा प्लगचा वॉशर गेलाय. सगळंच दुधाळ आलं तर मशीन हल्लीच चाललंय आणि पाणी घुसळलं गेलंय. ऑइल लख्ख नवं दिसलं म्हणून मात्र खूश होऊ नका. विकण्याआधी ऑइल बदलणं फार सोपं असतं. अशा वेळी मशीन अर्धा तास पाण्यात चालवून, रात्रभर ठेवून मग पुन्हा बघायला मिळालं तरच खरं काय ते कळतं.

बऱ्याच मशीनच्या प्लगच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्याला चिकटलेली करड्या रंगाची मऊ पेस्ट ही नेहमीची झीज आहे, ती पुसून टाका. बोटाला टोचणारा कण किंवा तुकडा सापडला तर आत दात तुटलाय किंवा बेअरिंग फुटलंय. मग सील बदलून काही उपयोग नाही, आधी गिअरबॉक्स उघडावा लागेल.

दाब लावून बघा

आता मुख्य काम. गिअरबॉक्समध्ये हवेचा दाब भरायचा आणि तो टिकतो का ते बघायचं. याला लागणारं सामान थोडं आहे: सायकलचा हातपंप, ० ते ३० पीएसआयचं गेज आणि जोडणी. जोडणीसाठी तुमच्या मशीनचा जुना प्लग लेथवाल्याकडून मधोमध भोक पाडून त्यावर नळीचं तोंड बसवून घ्या, म्हणजे आटे बरोबर जुळतात.

१. आधी दोन्ही प्लग काढून ऑइल पूर्ण निथळू द्या. वरचा प्लग काढल्याशिवाय ऑइल नीट उतरत नाही.

२. खालचा प्लग नव्या वॉशरसह घट्ट बसवा. वरच्या भोकात जोडणी लावा.

३. हळूहळू १० पीएसआयपर्यंत हवा भरा. १५ च्या वर कधीही जाऊ नका, चांगलं सीलही जागेवरून उठेल. कॉम्प्रेसरची नळी थेट लावणं म्हणजे सील स्वतःच्या हातानं फाडणं.

४. दहा मिनिटं थांबा. काटा हलला नाही, तरी लगेच समाधान मानू नका. आता स्पार्क प्लगच्या वायरी काढून पंखा हातानं फिरवा, दोन्ही दिशांना. शाफ्ट आडवा-उभा हलवून बघा. गिअर टाकण्याचा दांडा मागे-पुढे करा. काही सीलं शाफ्ट स्थिर असताना हवा धरतात आणि फिरवला की सोडतात.

५. काटा उतरत असेल तर साबणाचं पाणी ब्रशनं प्लगवर, पंख्यामागच्या शाफ्टभोवती, जोडाच्या रेषेवर आणि गिअरबॉक्सच्या तळाच्या न फिरणाऱ्या पात्याजवळ (स्केग) लावा. बुडबुडे येतील ती जागा.

खालच्या पात्याजवळचा बुडबुडा सगळ्यात वाईट. खडकाला लागून आवरणाला बारीक चीर गेलेली असते आणि वरच्या रंगाखाली ती दिसत नाही. कुठेच बुडबुडे नाहीत आणि तरीही काटा उतरतोय, तर हवा बहुधा वर, पाण्याच्या पंपाखालच्या सीलमधून जातेय. ती बघायला पंप उघडावा लागतो. त्याआधी आपल्या जोडणीच्या आट्यांनाही साबण लावून बघा, बरेचदा दोष तिथेच निघतो.

आधी वॉशर

दोन्ही प्लगखाली फायबरचे किंवा नायलॉनचे वॉशर असतात. ते एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसत नाहीत. प्रत्येक वेळी ऑइल बदलताना वॉशरही नवे. जुना वॉशर भोकातच चिकटून राहतो आणि त्यावर दुसरा बसतो, तेव्हा टॉर्चनं आत बघा. वॉशरऐवजी टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. प्लगचा खाचा झिजला असेल तर प्लगच नवा घ्या. वॉशर बदलून दाब टिकला तर काम इथेच संपलं, आणि असं बऱ्याच वेळा होतं.

पंख्यामागचं सील

बुडबुडे शाफ्टभोवती आले तर हे सील. कोकणात याचं मुख्य कारण तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा. पाण्यातला जुन्या जाळ्याचा तुकडा पंख्यात सापडतो, शाफ्टवर गुंडाळला जातो, पंखा आणि गिअरबॉक्सच्या मधल्या फटीत सरकतो आणि तिथे घासून-तापून सीलच्या ओठात, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेत, रुततो. बाहेरून काहीच दिसत नाही.

हात घालण्याआधी स्पार्क प्लगच्या वायरी काढा, बॅटरी असेल तर तीही. पंखा हातानं फिरवताना इंजिन फिरून चालू झालं तर बोटं जातात. ही काळजी दर वेळी घ्यायची.

स्प्लिट पिन सरळ करून काढा, पंख्याला लाकडाचा ठोकळा अडकवून नट सोडवा. निघेल तो प्रत्येक वॉशर, स्पेसर ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं फडक्यावर मांडा आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. पंखा निघाला की मागचा जाड थ्रस्ट वॉशर काढा आणि आत टॉर्च मारा. तंगूस असेल तर चिमट्यानं शेवटच्या धाग्यापर्यंत ओढून काढा आणि पुन्हा दाब लावून बघा. नशीब असेल तर ओठ शाबूत असतो.

सील बदलायचंच असेल तर ते ज्या गोल घरात बसलेलं असतं ते बेअरिंगचं घर बाहेर काढावं लागतं. लहान मशीनला ते बहुधा दोन बोल्टांनी धरलेलं असतं. काही मशीनना मोठा आट्यांचा रिंग-नट असतो, त्याला खास पाना लागतो. तो नसेल तर छिन्नी-हातोडा चालवू नका, मेस्त्रीकडे न्या. बोल्ट निघाले तरी घर निघेलच असं नाही, कारण खारानं ते ॲल्युमिनियममध्ये जखडलेलं असतं. गंज सोडवणारा स्प्रे मारा, रात्रभर ठेवा, घराच्या कानांना लाकडी हातोडीनं आलटून-पालटून ठोकत ते किंचित फिरवायचा प्रयत्न करा, आणि मग पुलरनं सरळ ओढा. गरम करायचं तर हॉट एअर गननं. गॅसच्या ज्योतीनं कधीही नाही. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लालभडक होऊन सावध करत नाही, बघता बघता वितळून बसतं.

घर बाहेर येताना खाली ट्रे असू द्या. शाफ्टबरोबर बारीक पिना किंवा शिम, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या, निघतात. शिमची जाडी आणि जागा बदलली तर गिअरचे दात नीट जुळत नाहीत, म्हणून एकही हरवू नका आणि एकही जास्तीची घालू नका.

आत साधारणपणे दोन सीलं एकामागे एक असतात. काढण्याआधी त्यांचं तोंड कुणीकडे आहे त्याचा फोटो घ्या. स्प्रिंगची बाजू ज्याला अडवायचं त्याच्याकडे असते, ऑइलकडे किंवा पाण्याकडे. काही कंपन्या दोन्हींची तोंडं बाहेर, पाण्याकडे ठेवतात. आधीच्या माणसानं उलटं बसवलेलं असू शकतं, तेव्हा फोटोबरोबर मशीनच्या पुस्तकातलं चित्रही ताडून बघा.

सीलच्या कडेवर आकार कोरलेला असतो, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. त्या मापाचं सील बेअरिंगच्या दुकानात कमी पैशात मिळतं, पण बऱ्याचदा त्याच्या आतली बारीक स्प्रिंग साध्या पोलादाची असते. खाऱ्या पाण्यात ती गंजून तुटते आणि ओठ ढिला पडतो. स्टेनलेस स्प्रिंगचं, म्हणजे आउटबोर्डसाठीच केलेलं सील घ्या. इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

नवं सील बसवण्याआधी शाफ्टवर, जिथे ओठ टेकतो तिथे, नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडलेली आहे आणि त्या खाचेवर कुठलंही नवं सील फार दिवस टिकणार नाही. घरात जागा असेल तर सील मिलिमीटरभर आत-बाहेर बसवून ओठ कोऱ्या पट्ट्यावर आणता येतो. नाही तर पातळ स्टेनलेस बाही चढवावी लागते किंवा शाफ्ट बदलावा लागतो. शाफ्ट वाकडा आहे का तेही आत्ताच बघा. टोकाजवळ एक तार स्थिर धरा आणि शाफ्ट सावकाश फिरवा. तार आणि शाफ्टमधली फट कमी-जास्त होत असेल तर शाफ्ट वाकलाय. त्यावर नवं सील म्हणजे फुकटचा खर्च.

सीलच्या बाहेरच्या व्यासाला बरोबर बसेल असा सॉकेट घेऊन, सरळ, एकसारखं ठोकत सील आत न्या. तिरकं गेलं तर काढून टाका आणि दुसरं घ्या. ओठांना आणि दोन सीलांच्या मधल्या जागेत मरीन ग्रीस भरा. घराची ओ-रिंगही नवी. आणि एक गोष्ट, जी घाईत विसरली जाते: घर शाफ्टवर सरकवताना शाफ्टच्या खाचा आणि पिनेच्या भोकावर इन्सुलेशन टेप गुंडाळा. नाही तर नव्याकोऱ्या सीलचा ओठ तिथेच कापला जातो. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून बसवा, म्हणजे पुढच्या वेळी ते जखडणार नाहीत.

सीलच्या तोंडावर बाहेरून सिलिकॉन किंवा एपॉक्सी फासून गळती थांबत नाही. फिरत्या शाफ्टवर ते टिकत नाही आणि पुढच्या माणसाचं काम दुप्पट होतं.

वरच्या शाफ्टचं सील

इंजिनकडून खाली येणाऱ्या उभ्या शाफ्टचं, पाण्याच्या पंपाखालचं हे सील. यासाठी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. गिअरच्या दांड्याचा जोड सोडवा, बोल्ट काढा. एखादा बोल्ट मागच्या छोट्या पात्याखाली लपलेला असतो. ते पातं काढण्याआधी त्याच्या कोनाची खूण करा, होडी एका बाजूला ओढू नये म्हणून तो कोन ठरवलेला असतो. खाली आधार आणि जोडीला एक माणूस असू द्या.

पंपाचं घर, इम्पेलर, त्याची चावी, खालची पत्रा-प्लेट एवढं काढलं की सील दिसतं. पद्धत वरचीच. एवढं उघडलंच आहे तर इम्पेलर नवाच घाला. परत बसवताना शाफ्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवत पंपाचं घर खाली दाबा, म्हणजे रबराची पाती योग्य बाजूला वळतात. शाफ्टच्या वरच्या टोकाच्या दातांना बाजूनं ग्रीस लावा, माथ्यावर लावू नका. माथ्यावरचं ग्रीस आत कोंडलं जाऊन शाफ्ट पूर्ण बसू देत नाही. पाण्याची नळी तिच्या रबरात गेली आहे ना ते टॉर्चनं बघा. मशीन चालू केल्यावर बाजूची पाण्याची धार आलीच पाहिजे.

फोर-स्ट्रोकच्या डोक्यावरचं ऑइल

झाकण उघडल्यावर ऑइल दिसत असेल तर आधी फिल्टर, ड्रेन बोल्टचा वॉशर आणि व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट बघा. मशीन चुकीच्या कुशीवर आडवं ठेवून आणलं असेल तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं, आणि त्याला गळती समजू नका. कुठल्या कुशीवर ठेवायचं ते मशीनवर किंवा पुस्तकात दिलेलं असतं. ऑइल मोजायच्या पट्टीवरची पातळी दिवसेंदिवस वाढत असेल आणि वास पेट्रोलचा येत असेल, तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. असं ऑइल नीट वंगण देत नाही, लगेच बदला आणि कारण शोधा.

ऑइल भरणं आणि पुन्हा तपासणी

भरण्याआधी आणखी एकदा दाब लावून बघा, हा वेळ वाया जात नाही. मग मशीन सरळ उभं ठेवून मरीन गिअर ऑइल खालच्या भोकातून पंपानं भरा. वरून ओतलं तर आत हवा कोंडते आणि भरलंय असं वाटूनही कमी राहतं. ९.९ हॉर्सपॉवरच्या आसपासच्या मशीनला साधारण २०० ते ४०० मिलिलिटर लागतं, नेमकं माप मशीनच्या पुस्तकात असतं. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय ऑइल यायला लागलं की आधी वरचा प्लग लावा, मग खालून पंप काढून पटकन खालचा. वरचा बंद असला की खालून ऑइल फारसं सांडत नाही.

गाडीचं गिअर ऑइल तात्पुरतंही वापरू नका. थोडं पाणी शिरलं तरी गंज धरू नये म्हणून मरीन ऑइलमध्ये जी रसायनं असतात ती त्यात नसतात.

एक फेरी मारा, रात्रभर ठेवा आणि सकाळी खालच्या प्लगमधून दोन थेंब वाटीत घ्या. आठवड्यानं पुन्हा एकदा. दोन्ही वेळा स्वच्छ असेल तर त्यानंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी ऑइल बदललं की पुरे. तारीख आणि तास झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा.

काढलेलं जुनं ऑइल खाडीत किंवा वाळूत ओतू नका. थोड्याशा ऑइलचाही तवंग पाण्यावर लांबवर पसरतो, आणि तिथेच आपली जाळी आणि कालवं असतात. घातक कचऱ्याबाबतच्या केंद्राच्या २०१६च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. बंद डब्यात साठवा आणि जुनं ऑइल गोळा करून अधिकृत पुनर्वापरासाठी पाठवणाऱ्या गॅरेजकडे द्या. दुधाळ झालेलं ऑइल वेगळ्या डब्यात ठेवा, चांगल्यात मिसळू नका.